उंची वाइन, पिण्यासाठी आणि गुंतवणुकीसाठी : सांगलीतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यातून ओळखीपाळखीचे लोक वाइनबद्दल मला विचारत असतात. कुणी द्राक्षबागायतदार, कुणी बेदाण्याचा व्यापारी, कुणी पुण्यात नोकरी करून सुट्टीला आलेला. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. आमच्या घरात तीन पिढ्यांचा हळदीचा व्यापार. त्यामुळे वाइनकडे मी आधी माल म्हणून बघतो आणि मग पेय म्हणून. दोन्ही बाजूंनी ती मला प्रिय आहे. हे सगळं २१ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे, महाराष्ट्रात वाइनसाठी कायद्याने तेवढं वय लागतं.

द्राक्षं तर आपल्याच तालुक्यात पिकतात. मग उंची वाइन फ्रान्सचीच का?

तासगावच्या बागेतलं द्राक्ष खायचं असतं. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन या जाती पातळ सालीच्या, बिनबियांच्या आणि भरघोस उत्पन्नाच्या. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बी असते आणि झाडावर मुद्दाम कमी माल ठेवावा लागतो. लाल वाइनचा रंग, तिचा तुरटपणा आणि टिकण्याची ताकद सालीतून आणि बियांतून येते. थॉमसनची वाइन होते, पण ती वीस वर्षं टिकणार नाही.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिकजवळ विंचूरला व आपल्या पलूसला असे दोन वाइन पार्क उभे केले. पलूसच्या भागात लोकांनी हौसेने कॅबरने आणि शिराझ या वाइनच्या द्राक्षजाती लावल्या. पुढे मागणी बसली, वायनऱ्या अडचणीत आल्या, आणि अनेकांनी त्या वेली काढून पुन्हा खायची द्राक्षं धरली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि मण्यात साखर कधी भरते याचा हिशेब ज्यांना तोंडपाठ आहे, अशी माणसं जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात. ती इथे आहेत आणि वाइनला त्यांचा उपयोग झाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘उंची वाइन’ म्हणजे नक्की कोणती?

जी बाटलीत सुधारत जाते, जिचं उत्पादन मर्यादित असतं आणि जिला जगभर गिऱ्हाईक असतं ती. तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. फ्रान्समधल्या बोर्दो भागात १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मळ्यांची प्रतवारी लावली गेली आणि ती जवळजवळ तशीच आजही चालते. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों असे चार मळे होते, १९७३ साली मूतों रोतशिल्ड पाचवा झाला. (लातूर हे नाव वाचून आपल्याकडे सगळेच थबकतात. त्या मळ्याचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही.) फ्रान्समधल्याच बर्गंडी भागात मळे फारच लहान. रोमाने-कोंती हा सगळ्यात प्रसिद्ध मळा दोन हेक्टरसुद्धा भरत नाही, म्हणजे आपल्याकडच्या साडेचार एकरांच्या बागेएवढा. त्यातली १९४५ सालची एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. या दोघांशिवाय शँपेन, इटलीतलं बारोलो आणि पोर्तुगालचं व्हिंटेज पोर्ट, एवढी नावं सुरुवातीला पुरेत.

चांगल्या बाटल्या घेऊन घरातच ठेवल्या आणि दहा वर्षांनी विकल्या तर?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर सरळ आहे : नका करू.

पहिलं कारण कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्य विकता येत नाही. बाटली तुमची, पैसे तुमचे, पावती तुमची, तरी ती शेजाऱ्याला विकली तर तो गुन्हा होतो. पिण्यासाठी स्वतःजवळ बाळगायलाही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि त्याची फी नाममात्र असते. विकण्याचा परवाना हे मात्र वेगळंच प्रकरण आहे.

दुसरं कारण आपल्या हवेचं. माझ्या मेव्हण्याने २०१४ मध्ये फ्रान्सहून एक छान बोर्दो आणली होती. खास प्रसंगाला उघडू म्हणून विश्रामबागच्या घरात ती सहा वर्षं कपाटावर उभी ठेवली. उघडायला घेतली तर वरचं वेष्टण फुगलेलं. ते काढलं तेव्हा बूच काचेच्या काठाच्या दोन मिलिमीटर वर आलेलं दिसलं, आणि लेबलावर वरून खालपर्यंत चिकट तपकिरी ओघळ सुकलेला होता. पेल्यात ओतली तर लाल रंगाला विटकरी झाक, आणि वास बेदाण्याच्या शेडमध्ये येतो तसा : शिजलेला, गोडसर, जड. त्या वासावर मी वाढलो आहे, पण वाइनमध्ये तो येणं म्हणजे वाइन संपली. उन्हाळ्यात आपल्या घरातला पारा पस्तिशीच्या वर जातो. द्रव प्रसरण पावतो आणि बूच ढकलतो, रात्री आकसला की हवा आत ओढतो. असे सहा उन्हाळे त्या बाटलीने काढले होते.

आणि समजा, विकायला परवानगी असतीच, तरी कपाटावर ठेवलेली बाटली घेणार कोण? घेणारा आधी विचारतो, इतकी वर्षं ही कुठे होती?

मग लोक गुंतवणूक करतात तरी कशी?

हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल पेवं खणून हळद ठेवली की ती वर्षानुवर्षं टिकायची. माल जमिनीखाली, बाजार सांगलीत आणि व्यवहार पावतीवर. २००५ च्या महापुरात पाणी शिरून अनेक पेवं निकामी झाली, पण ती व्यवस्था आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ होती.

वाइनचा जागतिक बाजार अगदी याच तत्त्वावर चालतो. इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या कॉर्शमजवळ, बांधकामाचा दगड काढलेल्या जुन्या खाणीत, जमिनीखाली प्रचंड मोठं वाइनचं गोदाम आहे. अंधार, गारवा आणि ओल तिथे बारा महिने सारखीच. अशी गोदामं ‘बॉण्डेड’ असतात, म्हणजे माल आत आहे तोवर त्यावर तिथलं उत्पादन शुल्क आणि व्हॅट भरावा लागत नाही. सहा किंवा बारा बाटल्यांची मूळ लाकडी पेटी न फोडता राहते. विकली की कागदावरचं नाव बदलतं, पेटी बहुधा जागची हलतही नाही. पेटी एकदा बॉण्डबाहेर काढली की कर भरावा लागतोच, शिवाय गुंतवणूकदाराच्या नजरेत तिचा भावही उतरतो, कारण मधल्या काळात ती कुठे होती याची साखळी तुटते.

बोर्दोची वाइन तयार होण्याआधीही विकत मिळते. सप्टेंबरात द्राक्षं काढली की पुढच्या वसंतात व्यापारी पिंपातली वाइन चाखतात, मळेवाले भाव जाहीर करतात, पैसे आज आणि माल सुमारे दोन वर्षांनी. बाग फुलोऱ्यात असताना सौदा करण्यासारखंच हे आहे, आणि त्यात काय होतं ते तासगावकरांना मी सांगायला नको. खुद्द लातूर मळ्याने २०१२ मध्ये या पद्धतीतून अंग काढून घेतलं.

पेटी खरंच माझ्या नावावर आहे हे कसं ओळखायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मेव्हणा लंडनजवळ स्थायिक आहे. २०१७ साली त्याच्या नावावर आम्ही दोघांनी मिळून एक पेटी घेतली. विक्रेत्याने पैसे घेतले आणि जाड कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र पाठवलं. त्यावर मळ्याचं नाव होतं, साल होतं, मेव्हण्याचं नाव होतं. पेटीचा क्रमांक मात्र नव्हता. मी व्यापाऱ्याच्या घरचा, मला ते खटकलं. गोदामाला थेट विचारलं तर या नावाने आमच्याकडे काही नाही असं उत्तर आलं. माल विक्रेत्याच्याच सामायिक खात्यावर पडून होता. तो उद्या बुडाला असता तर तो ज्यांचं देणं लागतो त्यांच्या रांगेत आमची पेटी गेली असती. आठ महिने पाठपुरावा केल्यावर ती मेव्हण्याच्या नावावर चढली. त्या आठ महिन्यांत माझी झोप उडाली होती.

म्हणून चार गोष्टी मागायच्याच. गोदामाचं नाव, पेटीचा स्वतःचा क्रमांक, आपल्या नावाने स्वतंत्र खातं आणि बदली-किमतीचा, म्हणजे तशीच पेटी पुन्हा घ्यायला लागेल तेवढ्या रकमेचा विमा. मग विक्रेत्याला न विचारता गोदामाशी स्वतः संपर्क करून खात्री करायची. जो विक्रेता ‘कशाला एवढं, आम्ही आहोत ना’ म्हणतो त्याच्याशी सौदा नको. अमेरिकेत ‘बोर्दो सेलर्स’ नावाने एक प्रकरण न्यायालयात गेलं. श्रीमंत संग्राहकांच्या वाइनवर कर्ज देतो असं सांगून ९ कोटी ९० लाख डॉलर गोळा केल्याचा तो आरोप होता. तारण म्हणून दाखवलेल्या बाटल्या बहुतांशी नव्हत्याच.

परतावा किती मिळतो?

हिशेबापुरते आकडे धरू. पेटी ३,००० पौंडांना घेतली. साठवण आणि विमा मिळून वर्षाला १५ पौंड. दहा वर्षांनी ती ४,००० ला गेली. ऐकायला छान वाटतं. विक्रीवर दहा टक्के कमिशन गेलं, म्हणजे ४००. साठवणीचे १५० गेले. हातात ३,४५०. दहा वर्षांत ४५० पौंड, म्हणजे वर्षाला दीड टक्काही नाही. एवढं व्याज बँकेच्या ठेवीवर कुणी घेणार नाही. पौंड रुपयाच्या तुलनेत वधारला तर थोडी भर पडेल, पण ती पौंडाची कमाई झाली. वाइनने पैसे मिळवून द्यायला दहा वर्षांत दुप्पट तरी व्हायला हवं, आणि तसं होणाऱ्या पेट्या थोड्याच असतात.

भाव वाढतो आणि पडतो तो कशामुळे?

वाढतो दोन कारणांनी : वाइन मुरते आणि प्यायल्यामुळे उरलेल्या बाटल्या कमी होतात. हळद मुरून सुधारत नाही, हा मोठा फरक. त्यावर समीक्षकांच्या गुणांचा परिणाम होतो. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने १९८२ च्या बोर्दोची जोरदार बाजू घेतली आणि त्यानंतर तीसेक वर्षं त्याच्या शंभरपैकी गुणांवर बाजार हलायचा.

पडतो तो गिऱ्हाईक हटल्यावर. २००८ च्या लाफितच्या बाटलीवर चिनी लिपीतला आठचा आकडा कोरला गेला, तिकडे तो शुभ. चीनमधून खरेदीचा पूर आला आणि भाव गगनाला भिडले. २०११ च्या मध्यानंतर तोच बाजार तीनेक वर्षं घसरत राहिला. मग पुन्हा चढला आणि २०२२ च्या उत्तरार्धापासून पुन्हा खाली आला. लंडनचं लिव्ह-एक्स हे २००० साली सुरू झालेलं वाइनचं एक्स्चेंज आहे, त्याच्या निर्देशांकाचा जुना आलेख बघा. ‘वाइन कधी पडत नाही’ असं सांगणाऱ्याला तोच दाखवा.

बनावट बाटल्यांची भीती किती?

जुन्या आणि दुर्मीळ बाटल्यांत खूप. रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या घरात स्वस्त वाइन मिसळून, जुनी लेबलं छापून, मोठमोठ्या संग्राहकांना कोट्यवधींचा माल विकला. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. नव्याने घेणाऱ्याने मळ्यातून थेट बॉण्डमध्ये आलेल्या अलीकडच्या सालांपुरतं राहावं.

भारतातून पैसे पाठवताना काय बघायचं?

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. बँक ए-२ फॉर्मवर कारण लिहून घेते. ते खरंच लिहायचं, ‘भेट’ वगैरे नाही. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलं तर २० टक्के टीसीएस (बँकेनेच आगाऊ गोळा केलेला कर) कापला जातो, तो विवरणपत्र भरताना मिळवता येतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशातली मालमत्ता विवरणपत्राच्या एफए तक्त्यात दाखवावी लागते. अशी जंगम मालमत्ता एकूण २० लाख रुपयांच्या वर असेल आणि ती दाखवली नाही, तर काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकल्यास दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा कर लागतो. पैसे पाठवण्याआधी बँकेला आणि सीएला एकाच वेळी विचारा आणि दोघांचंही उत्तर लेखी घ्या.

भारतीय वाइन साठवली तर तिचा भाव वाढतो का?

नाही. पुनर्विक्रीचा बाजारच नाही. या धंद्यात पैसे लावायचेच असतील तर कंपनीचे शेअर हा एक मार्ग आहे, पण त्यातही खाचखळगे आहेत. सुला ही वाइन कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांना बाजारात आली, २०२४ च्या सुरुवातीला ६०० च्या वर गेली आणि २०२५ मध्ये मूळ किमतीच्याही खाली उतरली.

बरं, गुंतवणूक राहू दे. सांगलीत प्यायला चांगली वाइन कशी घ्यायची?

आता मला आवडणारा प्रश्न आला!

आपल्याकडे ‘वाइन शॉप’मध्ये सगळ्यात कमी खपते ती वाइनच. त्यामुळे ती दर्शनी काचेमागे उभी असते, उन्हात आणि ट्यूबलाइटखाली. समोरची बाटली घेऊ नका. मागच्या खोक्यातली मागा, मुकाट्याने देतात. लेबलावरचं द्राक्षाचं साल बघा, मागच्या बाजूला बाटलीत भरल्याची तारीख असते तीही बघा. आपल्याकडे काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एकाच सालाची आपली वाइन त्यांच्यापेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. पांढरी घ्यायची तर गेल्या एक-दोन सालातली. साधी लाल तीन वर्षांच्या आतली. बूच काठाच्या वर आलेलं किंवा गळ्याशी चिकटपणा असेल तर बाटली परत द्या.

नावंच हवी असतील तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते माझी आवडती. सांजोव्हेजी आणि कॅबरने सोव्हिन्यों यांची ती वाइन चार-पाच वर्षं नीट ठेवली तर मऊ होते. ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, सुलाची रासा शिराझ याही भरवशाच्या. आठशे ते दोन हजारांच्या पट्ट्यात आपल्याकडे जे मिळतं ते परदेशी बाटलीत त्या पैशांत मिळत नाही.

परदेशी बाटली इतकी महाग का पडते?

आयात शुल्कामुळे. वर्षानुवर्षं ते १५० टक्के राहिलं आहे. बंदरावर हजाराची असलेली बाटली तिथेच अडीच हजारांची होते, त्यावर राज्याचा कर आणि आयातदाराचा, दुकानदाराचा नफा. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या आणि २०२२ च्या अखेरीस लागू झालेल्या करारामुळे त्यांच्या महागड्या वाइनवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतं आहे, तेव्हा परदेशी शिराझ प्यायची असेल तर ती ऑस्ट्रेलियाचीच बघा. परदेशातून येताना माणशी दोन लिटर शुल्कमुक्त आणता येतं. त्या दोन बाटल्या विचारपूर्वक निवडा.

घरी ठेवायची कशी?

बारा ते चौदा अंश, अंधार, आडवी, हादरे नाहीत. यासाठी वाइनचा छोटा फ्रीज आणि तो इन्व्हर्टरवर. मे महिन्यात दुपारभर वीज गेली तर बिनाइन्व्हर्टरच्या फ्रीजचा उपयोग नाही. तळघर करू का, असं गावभागातल्या एका मित्राने विचारलं होतं. २००५, २०१९ आणि २०२१ ही सालं त्याच्याच घरच्या भिंतीवर पाण्याच्या रेषांनी लिहिलेली आहेत. नदीकाठी तळघर नकोच. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्येही ठेवू नका, तिथला गारवा जास्त आणि वास बुचातून आत शिरतो.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची ना?

त्यांच्या खोलीच्या, आपल्या नव्हे. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून १६-१८ अंशांना ओता.

आपल्या जेवणाबरोबर काय?

तांबड्या रश्श्याबरोबर तुरट लाल वाइन घेतली की तिखट आणखी जळतं. तिथे गार, किंचित गोडसर शेनँ ब्लां ही पांढरी वाइन छान जाते, भडंगाबरोबर तर फारच. लाल वाइन सुक्या मटणाबरोबर, मसाला बेताचा असेल तर.

उघडलेली बाटली किती दिवस चालते?

बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस. लालसुद्धा फ्रीजमध्येच.

मुलीच्या जन्मसालाची बाटली तिच्यासाठी ठेवायची आहे. कोणती घेऊ?

एकवीस वर्षं थांबायचं आहे, तेव्हा भारतीय वाइन नको आणि साधी परदेशीही नको. व्हिंटेज पोर्ट घ्या. ते दरवर्षी होत नाही, चांगल्या सालीच जाहीर करतात. २०११, २०१६ आणि २०१७ ही अलीकडची मोठी सालं. साल जुळत नसेल तर मदेरा बघा. अटलांटिकमधल्या त्या बेटावरची वाइन पूर्वी जहाजातून उष्ण समुद्रांतून फिरून यायची आणि त्या उष्णतेने सुधारायची. म्हणून आजही ती मुद्दाम तापवून मुरवतात. आपल्या उन्हाळ्याला खऱ्या अर्थाने तोंड देऊ शकेल अशी माझ्या माहितीतली ती एकच उंची वाइन. मात्र तिची बाटली उभी ठेवायची.

माझी भाची २०१६ ची. तिच्या बाबाने पोर्तोहून येताना त्याच सालाचं पोर्ट आणलं, शुल्कमुक्त दोन लिटरांतलं. सध्या ते माझ्या फ्रीजमध्ये तळच्या फळीवर आडवं आहे. गळ्याला सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्यावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : ‘माझी आहे. २०३७ पर्यंत हात लावू नये.’